केमोची मळमळ आणि आल्याचा पुरावा

केमोथेरपी सुरू झालेल्या माणसाच्या घरी पहिल्याच आठवड्यात आलं येऊन पोचतं. कुणी आल्या-लिंबाचं पाचक सांगतं, कुणी सुंठीचा काढा सुचवतं, भेटायला आलेलं कुणी आलेपाकाच्या वड्या हातात ठेवून जातं. सल्ला स्वस्त असतो, ओळखीचा असतो, आणि त्यानं काही बिघडेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण केमोची मळमळ ही जड जेवणानंतरची किंवा घाटातल्या एसटीतली मळमळ नव्हे. पेशी मारणाऱ्या औषधांमुळे ती होते, दिवसचे दिवस टिकते, आणि कधी कधी माणसाला उपचारच नकोसे करून टाकते. अशा मळमळीवर आलं खरंच चालतं का?

गेल्या दोनेक दशकांत नागपूर, दिल्ली, बँकॉक, मिशिगन, मिलान अशा ठिकाणच्या डॉक्टरांनी हा प्रश्न रीतसर प्रयोग करून तपासला. उत्तर एकमुखी आलं नाही. काही प्रयोगांत आल्यानं स्पष्ट आराम दिला, काहींत काहीच फरक पडला नाही, एकात तर मळमळ थोडी वाढलेली दिसली. एवढ्यावरून हे सगळं गोंधळाचं आहे असं म्हणून हात झटकता येतील. पण प्रयोग शेजारी शेजारी ठेवून वाचले तर या मतभेदातला बराचसा भाग समजावून घेता येतो. प्रत्येक ठिकाणी आल्याच्या जोडीला दिलेली औषधं वेगळी होती. ती जसजशी सुधारत गेली, तसतसं आल्याला करण्यासारखं काम कमी होत गेलं आणि त्याचं स्वरूपही बदललं.

उलटी आणि मळमळ

शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन आतड्यात असतं. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी ते साठवून ठेवतात आणि केमोचा मारा बसला की सोडून देतात. जवळच व्हेगस या मोठ्या नसेची टोकं असतात. तिथल्या ५-एचटी-३ या रिसेप्टरला सिरोटोनिन चिकटलं की निरोप मेंदूच्या बुंध्यापर्यंत जातो आणि उलटीची यंत्रणा हलते. पहिल्या चोवीस तासांतला त्रास मुख्यतः या वाटेनं होतो. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत जो त्रास रेंगाळतो, त्यात मेंदूतल्या सबस्टन्स पी या द्रव्याचा आणि एनके-१ रिसेप्टरचा वाटा मोठा असतो. तिसरा प्रकार औषध अंगात जाण्याआधीचा. आधीच्या फेरीत फार हाल झालेले असले, तर हॉस्पिटलचा वास येताच किंवा सलाइनचा स्टँड दिसताच पोटात ढवळायला लागतं.

सगळ्या केमो सारख्या नसतात. प्रतिबंधक औषध न देता किती रुग्णांना उलट्या होतील, यावरून डॉक्टर त्यांचे चार गट करतात: नव्वद टक्क्यांहून अधिक, तीस ते नव्वद, दहा ते तीस, आणि दहाहून कमी. सिस्प्लॅटिन पहिल्या गटात येतं. स्तनांच्या कॅन्सरसाठी दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची जोडीही त्याच गटात आहे. रुग्णारुग्णांतही फरक असतो. स्त्रियांना, तरुणांना, ज्यांना गाडी लागते त्यांना आणि गरोदरपणात ज्यांना खूप उलट्या झाल्या होत्या त्यांना त्रास जास्त होतो.

पुढच्या आकड्यांसाठी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. उलटी मोजता येते: तीन वेळा झाली की तीन. मळमळ ज्याची त्यालाच कळते. उलटी थांबली म्हणजे मळमळ थांबली असंही नाही. उमासे येत राहतात, तोंडाला पाणी सुटतं, अन्नाचा वास नको होतो, आणि कागदावर मात्र ‘उलटी नाही’ अशी नोंद होते.

औषधं सुधारत गेली

अमेरिकेत सिस्प्लॅटिनला १९७८ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा त्याच्या उलट्या रोखायला डॉक्टरांकडे फारसं काही नव्हतं. १९८१ मध्ये मेटोक्लोप्रमाइड मोठ्या मात्रेत दिलं तर उपयोग होतो असं दिसलं. १९९१ मध्ये तिथे ऑन्डान्सेट्रॉन आलं. आपल्याकडे घराघरांत ‘एमसेट’ म्हणून ओळखली जाणारी गोळी हीच. सिरोटोनिनची वाट अडवणारं हे औषध आल्यावर पहिल्या दिवसाच्या उलट्यांचं चित्र पालटलं. २००३ मध्ये एनके-१ची वाट अडवणारं ॲप्रेपिटंट आलं आणि नंतरच्या दिवसांतला त्रास आवाक्यात आला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड या सगळ्यांच्या जोडीला होतंच.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३८० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुळात मनोविकारांसाठी वापरलं जाणारं ओलान्झापिन या तिन्हींच्या जोडीला दिलं तर काय होतं, हे त्यात पाहिलं होतं. पाच दिवसांत अजिबात मळमळ न झालेल्यांचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. सुधारणा मोठी होती. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनं वाचला तर दिसतं की, चार औषधं एकत्र देऊनही शंभरातल्या त्रेसष्ट जणांना थोडी ना थोडी मळमळ झालीच. उलटीचा प्रश्न बराचसा सुटला आहे, मळमळीचा सुटलेला नाही. आल्याला आज काही काम उरलं असेल तर ते या उरलेल्या मळमळीवरचं.

आल्यात काय असतं

आयुर्वेदात आल्याचा मान मोठा आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतं. जेवणाआधी मिठाबरोबर आलं खावं, असा सल्ला भावप्रकाशात आहे. तरी चरकसंहितेत औषधांचे जे दहा-दहांचे गट दिले आहेत, त्यात आलं भूक आणि पचन वाढवणाऱ्या गटात येतं. उलटी थांबवणाऱ्या दहांत त्याचं नाव नाही. त्या दहांत जांभूळ आणि आंब्याची पानं, महाळुंग, डाळिंब, वाळा आणि साळीच्या लाह्या आहेत. पुढच्या ग्रंथांत आणि वैद्यांच्या व्यवहारात सुंठ उलटीवरही वापरली गेली, हे खरं. पण ‘आपल्याकडे हजारो वर्षं आलं उलटीवरच देतात’ हे विधान वाटतं तितकं सरळ नाही. आणि केमोची उलटी त्या ग्रंथकारांनी पाहिलेलीही नव्हती.

आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या गटातल्या द्रव्यांचा असतो. आलं वाळवलं किंवा तापवलं की त्यातलं पाणी जातं आणि जिंजेरॉलचा काही भाग शोगाऑलमध्ये बदलतो. म्हणून सुंठ म्हणजे केवळ सुकलेलं आलं नव्हे, तिची रासायनिक घडणही थोडी वेगळी असते. प्रयोगशाळेत ही दोन्ही द्रव्यं ५-एचटी-३ रिसेप्टरचं काम मंदावतात. म्हणजे ज्या वाटेवर ऑन्डान्सेट्रॉन उभं राहतं, त्याच वाटेवर आलंही उभं राहतं, मात्र पुष्कळ कमी जोरानं. दुसरा परिणाम जठरावर होतो. तैवानमध्ये निरोगी माणसांना १.२ ग्रॅम सुंठ दिली तेव्हा जठर अधिक लवकर रिकामं झालं. केमोनंतर ‘दोन घास खाल्ले तरी पोट गच्च वाटतं’ असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत या गुणाचा उपयोग होऊ शकेल.

बोटीवरून केमोच्या वॉर्डात

आल्याकडे आधुनिक वैद्यकाचं लक्ष गेलं ते कॅन्सरमुळे नव्हे, प्रवासामुळे. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. गाडी लागणाऱ्या ३६ जणांना डोळ्यांवर पट्टी बांधून फिरत्या खुर्चीत बसवलं होतं. सुंठीची पूड घेतलेल्यांनी प्रवासाची नेहमीची गोळी घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ तग धरला. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० कॅडेटांवर खवळलेल्या समुद्रात प्रयोग झाला. सुंठीनं उलट्या आणि घाम कमी झाले, मळमळीवरचा परिणाम मात्र ठोस म्हणण्याइतका नव्हता. २००१ मध्ये थायलंडमधल्या ७० गरोदर स्त्रियांना रोज एक ग्रॅम आलं दिल्यावर मळमळ आणि उलट्या दोन्ही कमी झाल्या. गरोदरपणाच्या मळमळीवर औषधाशिवायचा एक पर्याय म्हणून प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आज आल्याचा उल्लेख असतो. इथवर चालणारं आलं केमोवरही चालेल, अशी आशा वाटणं साहजिक होतं.

सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक महाराष्ट्रातला आहे. नागपूरच्या औषधशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सायक्लोफॉस्फामाइड असलेली केमो घेणाऱ्या रुग्णांना वेगवेगळ्या फेऱ्यांत आलं, मेटोक्लोप्रमाइड आणि ऑन्डान्सेट्रॉन असं आलटून पालटून दिलं. कोणत्या फेरीत काय दिलं, हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मळमळ पूर्ण आटोक्यात आली ती आल्यानं ६२ टक्के, मेटोक्लोप्रमाइडनं ५८ टक्के आणि ऑन्डान्सेट्रॉननं ८६ टक्के रुग्णांत. उलट्यांचे आकडे याच क्रमानं ६८, ६४ आणि ८६ असे होते. आलं जुन्या औषधाच्या बरोबरीनं चाललं आणि नव्या औषधाच्या बरंच मागे पडलं. पुढे जे घडलं त्याचा अंदाज या तीन आकड्यांतच होता. थायलंडमध्ये सिस्प्लॅटिन घेणाऱ्या स्त्रियांवर २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात असंच चित्र दिसलं. पहिल्या दिवशी आल्यानं काही भर घातली नाही, नंतरच्या दिवसांत ते मेटोक्लोप्रमाइडच्या आसपास राहिलं.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांचा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांच्या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन घेणारी मुलं आणि तरुण रुग्ण त्यात होते. सगळ्यांना ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन मिळत होतं. काही फेऱ्यांत त्याच्या जोडीला वजनानुसार सुंठीच्या पुडीच्या कॅप्सूल दिल्या. पहिल्या दिवशीची मध्यम ते तीव्र मळमळ ९३ टक्के फेऱ्यांवरून ५६ टक्क्यांवर आली. उलट्या ७७ वरून ३३ टक्क्यांवर आल्या, आणि नंतरच्या दिवसांतली मळमळ ७३ वरून २६ टक्क्यांवर. आल्याच्या बाजूनं इतके भरघोस आकडे क्वचितच दिसतात. पण त्यांच्यावर भिस्त ठेवताना दोन गोष्टी पाहायला हव्यात. प्रयोग छोटा होता, साठाहून कमी फेऱ्यांचा. शिवाय या मुलांना ॲप्रेपिटंट मिळत नव्हतं. औषधं घेऊनही दहांतल्या नऊ फेऱ्यांत मळमळ होत होती, म्हणजे सुधारणेला जागा भरपूर होती.

याच्या उलट टोकाला मिशिगनचा २००९चा प्रयोग आहे. १६२ रुग्णांना तीन दिवस रोज एक किंवा दोन ग्रॅम आलं, किंवा खोट्या कॅप्सूल दिल्या. आल्याचा काही फायदा दिसला नाही. ॲप्रेपिटंटबरोबर आलं घेणाऱ्यांची मळमळ तर नुसतं ॲप्रेपिटंट घेणाऱ्यांपेक्षा अधिक तीव्र निघाली. हे का झालं, याचं समाधानकारक उत्तर त्या प्रयोगात नाही. एकाच प्रयोगातला हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही, पण ‘आल्यानं काही बिघडत नाही’ असं डोळे मिटून म्हणणंही त्यामुळे अवघड होतं.

या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ७४४ रुग्णांची निवड झाली आणि ५७६ जणांची माहिती अंतिम हिशेबात धरली. त्यांतल्या ९१ टक्के स्त्रिया होत्या. सगळ्यांना त्या काळची प्रमाणित औषधं होती. आलं अर्धा, एक किंवा दीड ग्रॅम, सहा दिवस, आणि केमोच्या तीन दिवस आधीपासून सुरू केलेलं. तिन्ही मात्रांनी पहिल्या दिवसाची मळमळ खोट्या कॅप्सूलपेक्षा कमी केली. सर्वांत चांगला परिणाम अर्ध्या आणि एक ग्रॅमचा होता, दीडचा नव्हे. उलट्यांवर मात्र परिणाम दिसला नाही.

त्यानंतरची उत्तरं पुन्हा दोन्हीकडची आहेत. इटलीतल्या रुग्णालयांत सिस्प्लॅटिनची मोठी मात्रा घेणाऱ्या १२१ रुग्णांना आल्याचा अर्क दिला. २०१७ मध्ये निकाल आला तो एकंदरीत फायदा नसल्याचा. स्त्रियांत आणि डोके-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांत थोडी अनुकूल चिन्हं दिसली, इतकंच. त्याच वर्षी थायलंडमधल्या ८८ रुग्णांना आख्खं आलं न देता त्यातलं ६-जिंजेरॉल वेगळं काढून दिलं. उलट्यांवर पूर्ण ताबा ७७ टक्क्यांत मिळाला, खोट्या औषधानं ३२ टक्क्यांत. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात शंभराहून थोड्या अधिक रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कॅप्सूलमधलं जिंजेरॉल आणि शोगाऑल मोजून दिलं होतं. मळमळीमुळे रोजच्या जगण्यात येणारी अडचण कमी झाली आणि थकवाही कमी झाला. म्हणजे आधुनिक औषधांच्या जोडीला आलं नेहमीच निरुपयोगी ठरतं असंही नाही. मात्र हा फायदा दिसला तो आल्यातली द्रव्यं तोलून मापून दिल्यावर.

गोळाबेरीज का जमत नाही

अनेक छोट्या प्रयोगांची माहिती एकत्र करून निष्कर्ष काढायची पद्धत वैद्यकात रूढ आहे. आल्याच्या बाबतीत तिनंही पेच पूर्ण सोडवला नाही. २०१३च्या एका एकत्रित विश्लेषणात पाच प्रयोग घेतले होते, त्यात काही फायदा आढळला नाही. २०१९ मध्ये अठरा शोधनिबंध एकत्र केले, तेव्हा तीन दिवसांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमपर्यंत आलं घेतलेल्यांत पहिल्या दिवशीच्या उलटीची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसली. मळमळीवर मात्र ठोस परिणाम नव्हता. म्हणजे सर्वांत मोठा प्रयोग म्हणतो मळमळ कमी होते, उलटी नाही. आणि बेरीज म्हणते उलटी कमी होते, मळमळ नाही.

मूळ वस्तूच एक नाही, हे यामागचं एक कारण. एकीकडे सुंठीची पूड, दुसरीकडे अर्क, तिसरीकडे शुद्ध ६-जिंजेरॉल, आणि बेरजेत सगळं ‘आलं’ या एकाच रकान्यात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बाजारातल्या दहा प्रकारच्या आल्याच्या कॅप्सूल तपासल्या. एका ग्रॅममधलं ६-जिंजेरॉल शून्यापासून ९.४३ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. डबीवर आलं लिहिलेलं, आत जिंजेरॉलच नाही! ही कॅप्सूल घेतलेल्याला फरक पडला नाही, तर दोष आल्याला द्यायचा की डबीला?

दुसरं कारण चवीचं. आल्याची ढेकर आली की कॅप्सूल खरी होती हे रुग्णाला कळतं. मिशिगनच्या प्रयोगात आपल्याला काय मिळालं याचा अंदाज रुग्णांना बरोबर आला होता. मग बरं वाटलं ते आल्यानं की ‘आपल्याला आलं मिळालं’ या समजानं, हे सांगणं कठीण होतं. मळमळीसारख्या स्वतःच सांगायच्या लक्षणात हा घोळ जास्तच.

तिसरं कारण सुरुवातीला सांगितलेलं: जोडीची औषधं. जिथे मूळ संरक्षण तोकडं होतं तिथे आल्याला भर घालता आली, जिथे ते भक्कम होतं तिथे क्वचितच. ऑस्ट्रेलियाचा प्रयोग या नियमाला अपवाद आहे, म्हणून हा नियम काटेकोर म्हणता येणार नाही. पण प्रयोग वाचायची सर्वांत उपयोगी किल्ली अजून तीच आहे.

कर्करोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना ‘आस्को’ आल्याबाबत बाजूनंही शिफारस करत नाही आणि विरोधातही नाही. पुरावा अपुरा आहे, एवढंच म्हणते. स्तनांच्या कॅन्सरसाठी पूरक उपचारांच्या ज्या सूचना तिनं २०१८ मध्ये मान्य केल्या, त्यांत केमोच्या मळमळीसाठी आल्याला ‘सी’ श्रेणी आहे. प्रमाणित औषधांच्या जोडीला विचार करायला हरकत नाही, असा तिचा अर्थ.

स्वयंपाकघरात आल्यावर

प्रयोगांत आलं कॅप्सूलमध्ये असतं, घरात ते चहात असतं. ताज्या आल्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. त्यामुळे एक ग्रॅम सुंठ म्हणजे ढोबळमानानं पाच ग्रॅम ओलं आलं. सुंठीची पूड लहान चमच्यात साधारण दोन ग्रॅम मावते, तेव्हा अर्धा चमचा म्हणजे दिवसाची एक ग्रॅमची मात्रा. ती दोन-तीन वेळा विभागून घ्यायची असते. चहाचा हिशेब धरता येत नाही. किसलेलं आलं गाळणीत राहतं आणि जिंजेरॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. चहा पिऊन बरं वाटत असेल तर प्यावा, पण प्रयोगांतले आकडे त्याला लावू नयेत. आलेपाकात आल्यापेक्षा साखर जास्त असते. केमोबरोबर मिळणारं डेक्सामेथासोन रक्तातली साखर वाढवतं, त्यामुळे मधुमेही रुग्णानं दिवसभर वड्या चघळणं अंगाशी येऊ शकतं. ‘जिंजर’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा बाटलीबंद पेयांत आल्याचा स्वादच असतो.

घ्यायचं कधी, हाही प्रश्न आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. केमोच्या आधी मुलांना नव्या चवीचं आइसक्रीम दिलं, आणि पुढे ती मुलं नेमकं तेच आइसक्रीम नाकारू लागली. मळमळीच्या वेळी तोंडात असलेल्या चवीची शिसारी बसते. म्हणून आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी न खाण्याचा सल्ला देतात. आल्यालाही हा न्याय लागू शकतो: सर्वांत वाईट दिवशी पहिल्यांदाच आल्याचा रस पाजला, तर पुढे आल्याचा वासही नको होईल. रोचेस्टरच्या प्रयोगात आलं तीन दिवस आधीच सुरू केलं होतं, हे इथे लक्षात घ्यावं.

काहींनी आल्यापासून जपूनच राहावं. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर खूप आहे. तिथे रेडिएशन आणि केमो एकत्र चालू असताना तोंड सोललेलं असतं, आणि आल्याचा रस म्हणजे जखमेवर तिखट. छातीत जळजळ होणाऱ्यांचा त्रास वाढू शकतो. पित्ताशयात खडे असतील तर आधी विचारावं. आलं रक्तातल्या प्लेटलेटच्या चिकटण्यावर परिणाम करतं असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांवरच्या अभ्यासांत उत्तरं संमिश्र आहेत, पण केमोनंतर प्लेटलेट खाली आलेले असताना, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना किंवा ऑपरेशन जवळ आलेलं असताना मोठ्या मात्रेत आलं घेण्याचा धोका पत्करू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस, उघड्यावरचं पाचक टाळावं. आणि ॲप्रेपिटंट चालू असेल तर मिशिगनचा निकाल डॉक्टरांसमोर ठेवावा. स्वयंपाकाच्या प्रमाणातलं आलं यांतल्या बहुतेकांना बाधत नाही. प्रश्न औषध म्हणून रोज घेतलेल्या मात्रेचा आहे.

आल्याच्या आधीचे प्रश्न

मळमळीनं बेजार झालेला रुग्ण आल्याकडे वळतो, तेव्हा बऱ्याचदा खरी अडचण दुसरीकडे असते. त्याच्या केमोला जेवढी औषधं लागतात तेवढी त्याला मिळालेली नसतात, किंवा मिळूनही घरी नीट घेतली जात नाहीत. म्हणून पहिला प्रश्न: माझी केमो चारांतल्या कोणत्या गटातली, आणि त्या गटाला लागणारी सगळी औषधं मला दिली आहेत का? दुसरा: घरी गेल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसासाठी कोणत्या गोळ्या, आणि मळमळ नसली तरी त्या घ्यायच्या का? तिसरा: एवढं करूनही त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

पैशाचा विचार केला तर यात आपल्या इथलीच एक मोलाची भर आहे. ओलान्झापिन स्वस्त आहे, पण दहा मिलिग्रॅमच्या गोळीनं माणूस दिवसभर पेंगतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी अडीच मिलिग्रॅमची मात्रा तपासली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेला निकाल असा की, छोटी मात्रा मोठीइतकीच चालते आणि गुंगी पुष्कळ कमी येते. परवडणारा आणि पुरावा असलेला उपाय शोधणाऱ्यानं सुंठीच्या डब्याआधी या गोळीबद्दल विचारायला हवं.

प्रत्येक उलटी केमोची नसते, हेही विसरू नये. ऑन्डान्सेट्रॉननं बद्धकोष्ठ होतं आणि त्यामुळेही मळमळतं. आतड्यातला अडथळा, मेंदूतली सूज, रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम, बिघडलेली किडनी यांतही उलट्या होतात. दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत रक्त असेल किंवा डोकं फार दुखत असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून रुग्णालय गाठावं. हॉस्पिटलच्या आठवणीनं होणाऱ्या मळमळीवरही आल्याचा उपयोग झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तिच्यासाठी मन शांत करण्याचे उपाय आणि कधी चिंता कमी करणारं औषध असतं. साधी पथ्यं मात्र सगळ्यांना उपयोगी पडतात: थोडं थोडं खाणं, गरम वाफाळलेल्या अन्नाऐवजी कोमट किंवा गार, म्हणजे वास कमी. साळीच्या लाह्या पोटाला हलक्या असतात, तिखट नसतात, आणि चरकाच्या यादीतही आहेत.

सगळा पुरावा एकत्र पाहता आल्याबद्दल इतकं म्हणता येतं. योग्य औषधांच्या जोडीला, रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठ, केमोच्या दोन-तीन दिवस आधीपासून घेतली तर काही रुग्णांची मळमळ कमी होऊ शकते. औषधांच्या जागी ती पुरेशी नाही. जास्त घेतल्यानं जास्त गुण येतो असं दिसत नाही. आणि कुणाला गुण येईल हे आधी सांगता येत नाही. नागपूरच्या प्रयोगाला वीस वर्षं उलटून गेली आहेत. आज गरज आहे ती ओलान्झापिनसह पूर्ण औषधं मिळणाऱ्या रुग्णांना जिंजेरॉल मोजलेली सुंठ देऊन केलेल्या मोठ्या भारतीय प्रयोगाची. त्यात उलट्यांबरोबर मळमळही मोजली जायला हवी.

तोवर निम्मे रुग्ण आलं लपूनछपून घेणार आणि निम्मे डॉक्टर त्याकडे काणाडोळा करणार, हे थांबवता येईल. रुग्णानं विचारावं आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक ओळ आल्यासाठीही लिहावी: किती, केव्हापासून, कोणत्या गोळ्यांबरोबर, आणि काय झालं तर बंद.